सेहेचाळीस नंबरच्या नोंदी

३ एप्रिल २०००, सोमवार (छापलेला वार गुरुवार, तो खोडला)

मीटरच्या कारखान्यातून दर नवीन वर्षाला डायरी मिळायची. एकवीस डायऱ्या मिळाल्या आणि एकवीसही कोऱ्या राहिल्या. गेल्या ऑगस्टात स्वेच्छानिवृत्ती झाली (स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी), डायरी मिळायची थांबली आणि आता मात्र लिहावंसं वाटतं. ही इथल्या कोठी भागातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत सापडली. १९९७ सालची, एकही पान न लिहिलेली. तारखा बरोबर आहेत, वार तेवढे चुकतात. सुनंदा म्हणाली, "नवी घ्यायची होती की. रोज वार खोडत बसायचं काय काम?" मी म्हटलं, मला सध्या तसाही वार कोणता हे लक्षात राहत नाही, खोडताना तरी कळेल.

सुनंदाला डायरी लागत नाही. तिचं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आहे. आमच्या नल्लकुंट्यात नळ दिवसाआड येतो, आणि आलेल्या प्रत्येक नळाची ती नोंद करते. कालच्या चौकोनात आहे: "नळ ५.४० ते ६.२५. धार बारीक. ६.१० नंतर बरी." हे कोणाला दाखवायचं नसतं, कोणी मागितलेलंही नाही. पाणी सोडणाऱ्यांनी तुला पेन्शन द्यायला हवी असं मी नेहमी म्हणतो. ती हसत नाही.

नवीन नोकरीला तीन महिने झाले. बेगमपेठेतलं एका मजल्याचं ऑफिस. जूनअखेरपर्यंत मला पारखणार, मग ठेवायचं की नाही ते ठरणार. पारखणारी योगिनी, वय एकोणतीस, मूळची पुण्याची. मला "काका" म्हणते. एकवीस वर्षं लोक मला साहेब म्हणायचे.

६ एप्रिल, गुरुवार

काल पाडवा. गुढी उभारली, शेजारच्यांकडून उगादीची कडुलिंब-गुळाची पच्चडी आली, सुनंदाने त्यांना श्रीखंड दिलं. दुपारी पाहुण्यांनी विचारलं, शशिकांतराव, तुम्ही आता नेमकं करता काय? सांगायला गेलो आणि फजिती झाली. म्हणून इथे नीट लिहून ठेवतो.

अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासतात आणि काय आढळलं ते फोनवर बोलून ठेवतात. ते बोलणं आमच्या सर्व्हरवर येतं. इथे दिलसुखनगरात, शिवाय वरंगल आणि विजयवाड्यात मिळून चारशे माणसं कानाला हेडफोन लावून ते ऐकतात आणि टाइप करतात. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस. डॉक्टर सकाळी उठतो तेव्हा त्याचे कागद तयार. मधला सर्व्हरचा प्रोग्राम आमचा.

पाहुणे गेल्यावर सुनंदा म्हणाली, "टाइपिंग मला येतंय की. लग्नाआधी कोठीच्या डॉक्टरांकडे चार वर्षं करतच होते." मी म्हटलं, अगं ते वेगळं. इंग्रजी बोलणं ऐकून तिथल्या तिथे टाइप करायला विशीतली पोरं लागतात, आपले कान आता गेले. ती भांडी आवरायला लागली. विषय संपला.

२४ एप्रिल, सोमवार

आजपासून खरी लढाई. तिकडच्या हॉस्पिटलांची अट आली आहे: एक जूनपासून इथून तिथे जाणारा प्रत्येक शब्द कुलपात घालून पाठवायचा, म्हणजे वाटेत कोणी चोरून वाचला तरी त्याला काही कळू नये. अट चांगली आहे. माझं दुखणं अमेरिकेतल्या चौकातल्या दुकानदाराला कळावं असं मलाही वाटणार नाही.

आज सकाळी कुलूप लावून पाहिलं आणि सगळं ठप्प झालं. कारण असं, की कुलूप लावण्याआधी दोन्हीकडच्या यंत्रांना किल्ली ठरवावी लागते, आणि ती ठरवताना सर्व्हरला तीनशे आकडी संख्येचा प्रचंड हिशेब करावा लागतो. एका पानाच्या बारा तुकड्यांसाठी बारा वेळा. चारशे माणसं नऊच्या ठोक्याला बसतात. पान उघडत नाही म्हणून पुन्हा बटण दाबतात, की हिशेब दुप्पट. सव्वानऊला दिलसुखनगरच्या सेंटरहून अप्पारावांचा फोन. ते तिथले सुपरवायझर, माझ्याच वयाचे. "साब, एक बार इधर आके देखो. पूरे लोगां हात पे हात धरके बैठे. ये नै चलता."

योगिनीने दहाला कुलूप काढलं. महिनाभर हाच क्रम ठरला: रोज सकाळी काही तास कुलूप लावायचं, काय होतं ते पाहायचं आणि काढायचं. एक जूनपर्यंत जमलं नाही तर काम फिलिपिन्सला जाणार आणि दिलसुखनगरचं सेंटर बंद. वरंगल, विजयवाडा कदाचित राहतील. दिलसुखनगरात एकशे चाळीस माणसं आहेत.

२७ एप्रिल, गुरुवार

पानाचे तुकडे बाराचे सात केले. तेवढ्याने भागत नाही. योगिनी म्हणते, हा हिशेब करायला वेगळं यंत्र मिळतं. कार्ड असतं, सर्व्हरच्या आत खोचायचं. त्याला दुसरं काही येत नाही, हा एकच हिशेब येतो, पण तो फार झपाट्याने करतं. अमेरिकेहून मागवलं आहे. कार्ड आणि आपला प्रोग्राम यांना जोडायचं काम तिने मला दिलं. "काका, हार्डवेअरला हात लावलेले आमच्यात तुम्हीच आहात."

रात्री झोपताना वाटलं, जमलं नाही तर दोष द्यायला कोणीतरी हवं, म्हणून मला दिलं असेल. सकाळी उठल्यावरही तसंच वाटलं, म्हणून लिहून ठेवतो.

३ मे, बुधवार

सेंटरवरच्या लोकांनी तक्रारी एका फॉर्मवर लिहायच्या असं ठरलं आहे. नाव नाही, फक्त खुर्चीचा नंबर. ढीग येतो. नव्वद फॉर्मवर एकच वाक्य: सिस्टिम स्लो. अरे, किती स्लो, कधी स्लो? दवाखान्यात जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं.

एक मात्र हिरा आहे. दिलसुखनगर, खुर्ची नंबर सेहेचाळीस. इंग्रजी जेमतेम, पण काम पाहावं. "९.०२ ते ९.११ काही नाही. ९.१२ ला उघडले. धार बारीक. ९.२० नंतर बरी. मोठी फाइल होती तरी नंतर त्रास नाही. ११.१५ चहानंतर परत बंद." इंग्रजीत चक्क 'फ्लो इज थिन' लिहिलं आहे. मी योगिनीला वाचून दाखवलं. तिने फॉर्म हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "काका, याच माणसाच्या नोंदी रोज वाचत जा."

मुद्दा सेहेचाळीसनेच सोडवून दिला आहे. फाइल मोठी असण्याशी त्रासाचा संबंध नाही, सगळे एकदम येण्याशी आहे. म्हणजे माल वाहून नेणं जड नाही, दारावर किल्ली ठरवणं जड आहे. कार्ड नेमकं तेच करतं. आता येऊ दे फक्त.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं, अशी शिस्तीची माणसं कारखान्यात दोन असती तर कारखाना आज चालू असता. ती पोळी लाटत होती. म्हणाली, "एवढं काय लिहिलंय त्या पोरीनं?" मी म्हटलं, पोरगी आहे हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, "असंल आपली. अशा कामाला पोरीच असतात."

१० मे, बुधवार

कार्ड विमानतळावर कस्टममध्ये आठ दिवस अडकलंय. आज मी स्वतः गेलो. अधिकारी विचारतो, हे काय करतं? सांगितलं, गुणाकार. म्हणाला, कॅल्क्युलेटर इकडेही मिळतो. तीन कागदांवर सह्या केल्या, चौथा उद्या.

दुपारी घरी दोनदा फोन लावला, कॅलेंडरवर कस्टमच्या माणसाचा नंबर लिहून ठेवला होता तो हवा होता. कोणी उचलला नाही. संध्याकाळी विचारलं तर योगाच्या वर्गाला गेले होते म्हणाली. गेल्या दिवाळीपासून बरकतपुऱ्याला योगाला जाते. दुपारपर्यंत चालणारा योग मी पहिल्यांदाच ऐकला, पण तब्येत तिची खरंच सुधारली आहे. चालते झपझप, बोलते मोकळी. डोळ्यांना नवा चष्माही लावून आली, योगाने नजर सुधारायला हवी होती खरी.

१३ मे, शनिवार

कार्ड आलं. तळहाताएवढं. सर्व्हर उघडून आत खोचण्याआधी हात दोनदा धुऊन पुसले. ते पुस्तिकेप्रमाणे एका सेकंदाला तीनशे हिशेब करतं. आमचा सर्व्हर कसाबसा पंचेचाळीस करतो. माझा जोडणीचा प्रोग्राम तयार आहे, तीनदा तपासला, योगिनीनेही वाचला.

आज फार बरं वाटतंय. सोमवारी नऊला कुलूप लावणार.

१५ मे, सोमवार

फुकट गेलं. पंचेचाळीसचे साठ झाले, बस. नऊ ते नऊ वाजून नऊ मिनिटं सेंटर बंद. अप्पारावांनी फोन नुसतं "हौ साब" म्हणून ठेवला.

योगिनीने विचारलं, कार्ड खराब असेल का? मी म्हटलं, असेल. पण खराब नाही. एकटं चालवून पाहिलं तर ते बहुतेक वेळ रिकामं बसलेलं असतं. काम का मिळत नाही त्याला, हे मला कळत नाही. माझं वय झालं, हेच खरं असावं.

१७ मे, बुधवार

सेहेचाळीस नंबरचा आजचा फॉर्म इथे उतरवून ठेवतो. "९.०० ते ९.०८ बंद. कालपेक्षा एक मिनिट कमी. सुधारणा आहे, कृपया सोडू नका. हे सुटलं नाही तर सेंटर बंद होणार असं म्हणतात. मला इथे काम करायला आवडतं."

जेवताना तेच डोक्यात. असेल कोणी अठरा-वीस वर्षांची, बाप आजारी, घर तिच्यावर. सुनंदाला म्हटलं, माझी नोकरी गेली तर गेली, आपलं भागेल, पण त्या पोरीसाठी हे झालं पाहिजे. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मग उठून ताटात आणखी भाकरी वाढली, मी नको म्हणत असताना.

२१ मे, रविवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

सकाळी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेलो. गिरणी ख्वाजाभाईंची, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तीन चक्क्या आहेत. लोक डबा रांगेत ठेवून भाजीला जातात, दुधाला जातात, तासाभराने येऊन पीठ नेतात. मी कधी ठेवून जात नाही. माझ्या ज्वारीआधी कोणाचे तांदूळ दळले की भाकरी थापताना तुटते, म्हणून मी डब्याजवळ उभा राहतो, पीठ पडेपर्यंत बघतो आणि घेऊनच निघतो. आज रांगेत माझ्याआधी माझ्याच स्वभावाचे दोन गृहस्थ होते. तिघे आपापल्या डब्याला धरून एकाच चक्कीपुढे उभे. बाकीच्या दोन चक्क्या रिकाम्या फिरत होत्या.

ख्वाजाभाई म्हणाले, "क्या साब, तुम खड़े रहे तो चक्की जल्दी चलती क्या? डब्बा रखो, जाओ. उधर दो चक्क्यां खाली पड़े. तुम लोगां हटे तो मैं डालूं ना."

मी पिठाने पांढरा झालेला तसाच उभा राहिलो. मग डबा तिथेच टाकून घरी आलो. सुनंदा दारात, "पीठ कुठाय?" म्हणून विचारते. मी म्हटलं, चूक सापडली.

चूक माझीच. कार्डाच्या पुस्तिकेत दोन रीती दिल्या होत्या. एक, हिशेब द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. दुसरी, हिशेब चिठ्ठी लावून ठेवायचा, आपण पुढच्या कामाला जायचं, उत्तर झालं की कार्ड हाक मारतं. मी पहिली निवडली. विचारही केला नाही. कारखान्यात नियमच तसा होता: मीटर तपासणीच्या बाकावर दिलं की सहीची चिठ्ठी हातात पडेपर्यंत हलायचं नाही. ऐंशी साली मी एकदा चहाला गेलो, मीटर हरवलं, आणि मला मेमो मिळाला. तेव्हापासून मी कधी हललो नाही. आणि आता माझा प्रोग्रामही हलत नाही. कार्डात एका वेळी अनेक हिशेब करायची सोय आहे, आणि मी त्याला एकेक देऊन तोंडाकडे बघत उभा राहतो.

सुनंदाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गिरणीत उभं राहू नका म्हणून वीस वर्षं सांगायलेय मी." मग पदर खोचून स्वतः डबा आणायला गेली.

२२ मे, सोमवार

योगिनीला सांगायचं की नाही, यावर बसमध्ये बराच विचार केला. नुसतं दुरुस्त करून टाकलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण मग मी मेमो मिळालेल्या माणसासारखाच तोंड चुकवत फिरलो असतो. सांगितलं. कारखाना, मीटर, गिरणी, सगळं.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "काका, मीही वाचला होता तुमचा प्रोग्राम. मलाही बरोबरच वाटला होता. आणि मी तर गिरणीत कधी गेलेच नाही, पीठ पिशवीतलं आणते." मग विचारलं, "किती दिवस लागतील?" मी म्हटलं, पाच. म्हणाली, "सोमवारी तिकडचे लोक चाचणी बघणार. आपल्याकडे सहा आहेत."

आज पहिल्यांदा ती काका म्हणाली तेव्हा राग आला नाही.

२५ मे, गुरुवार

नवी रीत चालते, पण हजार हिशेबांत तीसचाळीस उत्तरं चुकीच्या माणसाला जातात. नशीब एवढंच, की दुसऱ्याच्या उत्तराने कुलूप उघडतच नाही, त्यामुळे कोणाचं गुपित कोणाला दिसत नाही, फक्त पान अडतं. पण अडतं. कालपासून पाहतोय, चिठ्ठ्या कुठे बदलतात ते सापडत नाही. सोमवारी नऊला अमेरिकेहून लोक फोनवर राहून चाचणी बघणार आहेत. आज जेवलो नाही.

२६ मे, शुक्रवार

सापडली. सापडली म्हणजे सुनंदाने दिली.

सकाळी चहा घेताना तिला विचारलं, गिरणीत एवढे सारखे डबे असतात, अदलाबदल कशी होत नाही? ती म्हणाली, "नाव डब्याच्या अंगावर रंगवायचं. तुम्ही पहिल्यांदा झाकणावर लिहिलं होतं, आठवतंय का? झाकणं फिरतात. आपल्या घरी महिनाभर कुणाचंतरी बेसन आलं होतं."

मी नंबर झाकणावरच लिहीत होतो. हिशेब ठेवायची जी जागा, तिला नंबर दिला होता, आणि जागा रिकामी झाली की तोच नंबर लगेच दुसऱ्याला. नंबर हिशेबाच्या अंगावर हवा. दुपारी तीनपर्यंत बदललं. एक लाख हिशेब पाठवले. एकही चुकला नाही. सेकंदाला दोनशे नव्वद.

सुनंदाला मी ऑफिसात बसवायला हवं. हे तिला हसत म्हटलं, तर ती म्हणाली, "बसवा की."

२९ मे, सोमवार

योगिनी आठवड्याभरापासून म्हणत होती, चाचणीच्या दिवशी तुम्ही इथे थांबू नका, दिलसुखनगरला जा, लोकांच्या पाठीमागे उभं राहून बघा. मला वाटलं, मला अमेरिकनांच्या फोनपासून लांब ठेवायचं असेल. पण मलाही जायचंच होतं. सेहेचाळीस नंबरला भेटून आभार मानायचे होते. वाटेत बसस्टँडजवळ मोगऱ्याचा गजरा घेतला. त्या पोरीला द्यावा असं मनात होतं.

पावणेनऊला पोहोचलो. अप्पाराव जिन्यातच भेटले. घाबरलेले दिसले. "साब, तुम आज इधर? मॅडम बोले नै मेरेकू." मी म्हटलं, सेहेचाळीस नंबर कुठे बसते ते दाखवा. ते जागचे हलेनात. मग म्हणाले, "तिसरी लाइन, खिडकी के बाजू. साब, एक बात बोलूं? गुस्सा नक्को करो. बहोत अच्छा काम करते वो. सबसे अच्छा."

मी दारात उभा राहिलो. एकशे चाळीस माणसं, बहुतेक पोरी, काही पोरं, सगळ्यांनी हेडफोन लावलेले. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ पाठमोरी एक बाई. निळी इरकल नेसलेली. ती इरकल मी नांदेडहून आणली आहे. केसांत पांढरे. उजव्या हाताशी घड्याळ काढून ठेवलेलं, शेजारी छोटी वही आणि पेन्सिल.

सेहेचाळीस नंबरच्या खुर्चीवर सुनंदा होती.

पहिल्यांदा राग आला, तो लपवत नाही. मग लाज वाटली, ती जास्त वेळ टिकली. पाडव्याला तिला मी काय म्हणालो होतो ते शब्दन् शब्द आठवलं. तिने तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. तिने उत्तर रोज फॉर्मवर लिहून पाठवलं होतं, आणि मी ते योगिनीला वाचून दाखवत होतो.

नऊ वाजले. सगळ्यांनी एकदम बटणं दाबली. मी छताकडे बघत होतो. एक, दोन, आणि खोलीभर टाइपिंगचा आवाज सुरू झाला. अप्पारावांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. सुनंदाने घड्याळ पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि टाइप करायला लागली. काय वेग तिचा. कोठीच्या डॉक्टरांकडे असाच असेल, मी कधी बघायला गेलो नाही.

तिच्याजवळ जावं, खांद्यावर हात ठेवावा असं फार वाटलं. पण ती कामात होती. तिथे उभं राहून काय करणार होतो? गजरा अप्पारावांकडे दिला, सेहेचाळीस नंबरला द्या म्हणून सांगितलं, कोणी दिला ते सांगू नका म्हटलं, आणि निघालो.

संध्याकाळी घरी आलो तर गजरा तिच्या केसांत.  पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, कॅलेंडर पाहिलं. आज नळाचा दिवस नव्हता. तरी चौकोनात लिहिलं होतं: "९.००. लगेच. धार जोरात."

तिथेच उभा राहून म्हणालो, "ज्वारीचं पीठ संपत आलं. उद्या सकाळी डबा मी गिरणीत ठेवून पुढे जातो. दिलसुखनगरहून येताना तू घेऊन ये."

ती पीठ मळत होती. हात थांबले. म्हणाली, "साडेतीनला सुटते मी. चारला असते गिरणीवर."

"अगोदर का नाही सांगितलंस?"

"तुम्ही डब्याजवळ उभे राहिला असता," ती म्हणाली.

१ जून, गुरुवार

आज कुलूप कायमचं लागलं. तिकडून पत्र आलं, काम इथेच राहणार, तिन्ही सेंटर राहणार, दिलसुखनगरात वीस खुर्च्या वाढणार. योगिनीने माझं नोकरी कायम झाल्याचं पत्रही आजच दिलं, जूनअखेरची वाट न बघता. मी विचारलं, तुला पहिल्यापासून माहीत होतं ना? खुर्च्यांपुढची नावं तुझ्याकडे असणारच. ती म्हणाली, "सुनंदाकाकूंनी शपथ घातली होती." ती मला काका म्हणायच्या आधीपासून माझ्या बायकोला काकू म्हणत होती.

परवा सकाळचं लिहायचं राहिलं. मंगळवारी डबा घेऊन गिरणीत गेलो. त्याच्या अंगावर माझ्या नावाशेजारी आदल्या संध्याकाळी मी सुनंदाचं नाव रंगवलं होतं, अजून पुरतं वाळलं नव्हतं. डबा रांगेत ठेवला आणि वळलो. ख्वाजाभाई बघतच राहिले. "आज खड़े नै रहते साब?"

"नै. लेने कू मालकीण आते."

दिवसभर मधूनमधून डब्याची आठवण येत होती, खोटं कशाला लिहू. संध्याकाळी जेवायला बसलो. पहिली भाकरी तिने तव्यावरून थेट ताटात टाकली. उलटून पाहिली. कुठेही तुटली नव्हती, तांदळाचा कण नव्हता. मी तिथे उभा नव्हतो, तरी पीठ ज्वारीचंच आलं होतं.